रोज सकाळी संगणक पाच मिनिटं पुढे. डेट कमांडने वेळ लावून लावून थकलो

खडखडाट · सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, मदत हवी आहे. एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स. चार तापमापकांच्या नोंदी घेणं एवढंच त्याचं काम. इंटरनेट जोडलेलं नाही आणि जोडायचंही नाही. सकाळी आठला सुरू करतो, रात्री आठला बंद. शनिवार-रविवार बंदच.

त्रास असा: सकाळी सुरू केलं की घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन डेट -एस ने वेळ बरोबर लावतो, दिवसभर ती बरोबर राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाच मिनिटं पुढे. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी महिन्याभरापूर्वीच बदलली आहे, तेव्हा कृपया "बॅटरी बदला" सांगू नका.

शेवटी वैतागून सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ घातली:

डेट -एस "५ मिनिट्स अगो"

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टंकताना रोमनमध्ये टंका.) तीन दिवस झकास चाललं. फार तर सहा-सात सेकंदांचा फरक, तो मला चालतो. आज सोमवारी सुरू केलं तर साडेवीस मिनिटं पुढे! आता काय "२५ मिनिट्स अगो" लिहू?

शून्य सेकंद · सोमवार, रात्री १०.०५

टाइमडेटसीटीएल चालवून काय दिसतं ते इथे डकवा. त्यात सिस्टमची वेळ, आरटीसीची (बॅटरीवरच्या घड्याळाची) वेळ आणि वेळेचा पट्टा असं सगळं एका जागी कळतं.

खडखडाट · सोमवार, रात्री १०.११

ती कमांडच नाही. सिस्टमडी (यंत्रावरच्या सेवा सुरू-बंद करणारी नव्या वळणाची प्रणाली) नसलेलं जुन्या वळणाचं लिनक्स वितरण आहे.

काळा पडदा · सोमवार, रात्री १०.२०

बॅटरी बदला.

खडखडाट · सोमवार, रात्री १०.२१

😐

जुनं खोड · सोमवार, रात्री ११.०२

ती ओळ आधी काढा. अचूकतेचं नंतर बघू, पण चालत्या यंत्रावर घड्याळ मागे ओढणं ही सवयच वाईट. तुमची नोंद घेणारी प्रणाली त्या ओळीच्या आधी सुरू होत असेल तर ८.०६ ची नोंद पडते, मग घड्याळ मागे जातं आणि पाच मिनिटांनी परत ८.०६ ची नोंद पडते. कुठली खरी? उद्या आलेख काढायला बसलात की रेघ उलटी फिरलेली दिसेल. मेक (प्रोग्राम बांधायचं साधन) वापरणाऱ्यांनी तर "क्लॉक स्क्यू डिटेक्टेड" हा इशारा कधी ना कधी पाहिलेला असतो. फाइलवरची वेळ भविष्यातली निघाली की ती प्रणाली गोंधळते.

म्हणून तर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) एक वेगळं मोनोटॉनिक घड्याळ असतं, ते कधी मागे जात नाही. "दहा सेकंद थांब" हे मोजायचं असेल तर शहाणा प्रोग्रामर ते घड्याळ वापरतो. भिंतीवरचं घड्याळ माणसांसाठी. जाळ्यावरून वेळ जुळवणारा एनटीपीडीसुद्धा फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर उडी मारत नाही, घड्याळाची गती किंचित कमीजास्त करून हळूहळू जुळवून घेतो. ती गती जास्तीत जास्त ५०० पीपीएम (दहा लाखांत ५००), म्हणजे एक सेकंद भरून काढायला २,००० सेकंद. डेट -एस मात्र सरळ उडी मारते. तिला मागचंपुढचं माहीत नाही.

रात्रपाळी · सोमवार, रात्री ११.३०

जुनं खोड यांच्याशी सहमत, पण डेट -एस ची एक चांगली आठवण सांगतो. अवांतर आहे, क्षमस्व.

३० जून २०१२. त्या रात्री यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) एक लीप सेकंद वाढवला होता, म्हणजे २३:५९:५९ नंतर २३:५९:६०. मी पाळीवर होतो. यूटीसीची मध्यरात्र उलटली आणि एकामागोमाग एक सर्व्हरचे पंखे जोरात फिरायला लागले. जावा आणि मायएसक्यूएल असलेली यंत्रं शंभर टक्के सीपीयू खात बसलेली. प्रोग्राम परत सुरू केले तरी तेच. मग कुणीतरी कुठेतरी वाचलेला उपाय फोनवर सांगितला:

डेट -एस "$(डेट)"

म्हणजे घड्याळाला विचारायचं "किती वाजले", आणि त्याने जे सांगितलं तेच परत त्याला लावायचं! मला वाटलं थट्टा चालली आहे. चालवलं, आणि सीपीयू क्षणात खाली आला.

कारण नंतर कळलं. कर्नलने लीप सेकंद घातला, पण उच्च अचूकतेच्या टायमरांना "घड्याळ बदललंय" हा निरोप दिलाच नाही. त्यामुळे ते एक सेकंद पुढच्या हिशेबाने चालत होते. सेकंदापेक्षा कमी वेळ थांबायला सांगितलं की त्यांना वाटे मुदत संपलीच, लगेच उठ. उठलं की परत थांब, परत उठ, असं अखंड. डेट -एस ने वेळ तीच लावली, पण वेळ लावली की तो निरोप जातोच. एवढंच हवं होतं.

पाहुणी · मंगळवार, सकाळी ७.१५

रात्रपाळी, किस्सा भारी. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

माझंही घड्याळ चुकतं म्हणून इथेच विचारते. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेले की वेळ चुकलेली. मिनिटं नाहीत, चांगले काही तास.

शून्य सेकंद · मंगळवार, सकाळी ७.४०

पाहुणी, तुमचा फरक मोजून बघा. तुमच्या वेळेच्या पट्ट्याचं यूटीसीशी जितकं अंतर आहे, नेमकं तितकाच निघेल. संगणकात दोन घड्याळं असतात. एक बॅटरीवर चालणारं, यंत्र बंद असतानाही टिकटिकणारं आरटीसी. दुसरं कर्नलचं, जे सुरू होताना आरटीसीवरून वेळ उचलतं आणि पुढे स्वतः मोजतं. डेट कमांड फक्त या दुसऱ्याशी बोलते. आरटीसीला वेळेचा पट्टा वगैरे काही कळत नाही, त्यात नुसते आकडे. लिनक्स ते आकडे यूटीसी समजतं. विंडोज डॉसच्या काळापासून त्यांना स्थानिक वेळ समजत आलं आहे. दोघं आळीपाळीने एकाच पाटीवर आपापल्या भाषेत लिहितात.

उपाय: विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या साठ्यात) टाइमझोनइन्फर्मेशनखाली रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची नोंद करून तिची किंमत १ ठेवा. उलट बाजूने, लिनक्सला आरटीसी स्थानिक वेळेत ठेवायला सांगता येतं, पण तसं केलं की टाइमडेटसीटीएल स्वतःच तुम्हाला इशारा देतं. नका करू.

पाहुणी · मंगळवार, सकाळी ८.०२

तंतोतंत तितकाच फरक निघाला! धन्यवाद.

काळा पडदा · मंगळवार, सकाळी ८.३०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

लंबक · मंगळवार, दुपारी १.१०

खडखडाट, उशिरा आलो, पण तुमचे आकडे फार बोलके आहेत. जरा गणित करू.

बंद १२ तास, तेव्हा ५ मिनिटं आणि वर सहा-सात सेकंद. म्हणजे साधारण ३०६ सेकंद.

शुक्रवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी आठ, बंद ६० तास. तुम्हाला साडेवीस मिनिटं दिसली, पण तुमच्या जुगाडाने पाच मिनिटं आधीच खाल्ली होती. खरा फरक साडेपंचवीस मिनिटं, म्हणजे १,५३० सेकंद.

६० तास म्हणजे १२ च्या पाचपट. १,५३० म्हणजे ३०६ च्या पाचपट. फरक बंद काळाच्या अगदी प्रमाणात वाढतोय. दिवसाला ६१२ सेकंद.

आता आरटीसीचा ठोका देणारा स्फटिक ३२,७६८ हर्ट्झचा असतो (दोनचा पंधरावा घात, म्हणून पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद). साधासुधा स्फटिक दिवसाला एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे जातो. ६१२ सेकंद चुकणारा स्फटिक मी तरी पाहिला नाही. आणि बिघडलेलं घड्याळ एवढं शिस्तीत चुकत नाही. हे कुणीतरी हिशेबाने करतंय.

दोन गोष्टी बघा. यंत्र सुरू करून लिनक्स चढायच्या आधी बायॉसच्या (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगांच्या) पडद्यावर वेळ किती दिसते? आणि ईटीसी डिरेक्टरीत अ‍ॅडजटाइम नावाची तीन ओळींची फाइल असेल. तिच्या पहिल्या ओळीतला पहिला आकडा सांगा. माझा अंदाज: ६१२ च्या आसपास.

खडखडाट · बुधवार, सकाळी ८.२५

अहो तुम्ही माणूस आहात की भविष्यवेत्ते!

बायॉसमध्ये यूटीसी दिसते. पट्ट्याचं अंतर मिळवलं तर सेकंदासकट बरोबर. आणि फाइलची पहिली ओळ ६१२.४८ ने सुरू होते. तिसऱ्या ओळीत यूटीसी लिहिलंय.

ही फाइल आली कुठून? मी तर कधी हात लावलेला नाही.

लंबक · बुधवार, सकाळी ९.०५

तुम्हीच लिहिलीत, एचडब्ल्यूक्लॉकच्या हाताने.

डेट जशी कर्नलच्या घड्याळाशी बोलते तशी एचडब्ल्यूक्लॉक आरटीसीशी बोलते. --सिसटूएचसी म्हणजे कर्नलची वेळ आरटीसीत लिहा, --एचसीटूसिस म्हणजे आरटीसीची वेळ कर्नलला द्या. तुमच्या वितरणात बंद होताना पहिली आणि सुरू होताना दुसरी चालत असणार. पण तिला आणखी एक विद्या येते. आरटीसी रोज किती मागेपुढे पडतं याचा आकडा ती अ‍ॅडजटाइममध्ये ठेवते, आणि वेळ उचलताना तेवढी भरपाई करते. आकडा धन असेल तर "हे घड्याळ मागे पडतं, दिवसाला इतके सेकंद पुढे ढकल".

तुमचं आरटीसी आज ठणठणीत आहे. पण फाइल म्हणते ते दिवसाला ६१२ सेकंद मागे पडतं. एचडब्ल्यूक्लॉक बिचारी इमानदारीने सकाळी भरपाई करते, म्हणून तुम्ही पाच मिनिटं पुढे.

एचडब्ल्यूक्लॉक --शो आणि लगेच एचडब्ल्यूक्लॉक --गेट चालवून पाहा. पहिली घड्याळात आहे ते जसंच्या तसं दाखवते, दुसरी भरपाई करून.

आता मला सांगा, बॅटरी बदलायच्या आधी --अपडेट-ड्रिफ्ट असं काही लिहायचात का?

खडखडाट · गुरुवार, सकाळी ८.०९

--शो आणि --गेट मध्ये ५ मिनिटं ८ सेकंदांचा फरक आला. आठ वाजून पाच मिनिटांनी चालवलं होतं.

आणि हो. पकडला गेलो. बॅटरी मरायला टेकली होती तेव्हा रोज सकाळी घड्याळ मागे पडलेलं असायचं. डेटने वेळ लावायचो आणि मग एका पानावरून उचललेली ओळ चालवायचो: एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी --अपडेट-ड्रिफ्ट. वाटलं "अपडेट" आहे म्हणजे चांगलंच असेल.

लंबक · गुरुवार, सकाळी ८.५०

मग झालं तर. मरत्या बॅटरीवर आरटीसी रात्री अडखळत होतं, थांबत होतं. तुम्ही सकाळी "याचा वेग मोजून ठेव" म्हणालात. तिने आजाऱ्याची चाल मोजली आणि तीच त्याची नेहमीची चाल म्हणून लिहून ठेवली. नवी बॅटरी आली, घड्याळ धडधाकट झालं, औषध चालूच राहिलं.

दिवसाला २,१४५ सेकंदांपेक्षा जास्त आकडा निघाला असता तर एचडब्ल्यूक्लॉकनेच तो अशक्य ठरवून शून्य केला असता. तुमचा ६१२ त्या चाळणीतून आरामात निसटला.

करायचं काय: अ‍ॅडजटाइम फाइल उडवा. डेटने वेळ नीट लावा आणि एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी --यूटीसी चालवा. फाइल नवी तयार होईल, आकडा शून्य.

वेळ लावताना एक युक्ती. येणाऱ्या मिनिटाची कमांड आधीच टंकून ठेवा, उदाहरणार्थ डेट -एस "८:५५:००". मग खात्रीच्या घड्याळाकडे बघत बसा आणि सेकंद शून्यावर आला की एंटर दाबा. बोटाची चूक फार तर पाव सेकंद.

जुनं खोड · गुरुवार, सकाळी ११.४०

-एस शिवाय नुसते आकडे देऊनही वेळ लावता येते, पण जपून. त्याचा क्रम महिना, दिवस, तास, मिनिट आणि मग हवं तर वर्ष असा आहे. वर्ष शेवटी! फ्रीबीएसडीत (युनिक्सच्याच दुसऱ्या एका घराण्यात) तेच वर्ष सगळ्यात आधी. सवयीने एकीकडचं दुसरीकडे टंकलं की कुठल्या कुठे जाल. म्हणून अवतरणात पूर्ण तारीख लिहून -एस वापरलेलं बरं. आणि नुसती नजर टाकायची असेल तर रूट होऊच नका. अधिक चिन्ह (त्यापुढे वेळ कशी दाखवायची ते लिहितात) विसरून डेटपुढे आठ आकडे टंकले तर ती वेळ दाखवत नाही, बदलते.

दाखवणं आणि लावणं एकाच कमांडमध्ये का कोंबलं म्हणाल, तर ते फार जुनं आहे. नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत डेट आहे आणि तेव्हाही ती दोन्ही करायची. गंमत म्हणजे तेव्हा काळ १ जानेवारी १९७१ पासून सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजत. ३२ बिटांत तो हिशेब जेमतेम ८२९ दिवस पुरायचा. मग एकक सेकंद केलं, सुरुवात १९७० वर नेली. तीही ३२ बिटांची पाटी १९ जानेवारी २०३८ ला, यूटीसी ०३:१४:०७ नंतर भरते. ६४ बिटांच्या यंत्रांना चिंता नाही, खडखडाट यांचा डेस्कटॉप किती बिटांचा आहे ते त्यांनाच ठाऊक.

काळा पडदा · गुरुवार, दुपारी १२.१५

एक शंका. मी दहा वर्षं लिनक्स वापरतोय, एचडब्ल्यूक्लॉकचं नावही ऐकलं नव्हतं. माझं आरटीसी कोण बघतं?

शून्य सेकंद · गुरुवार, दुपारी १२.३०

कर्नल. यंत्र एनटीपीशी जुळलेलं असेल तर तो दर ११ मिनिटांनी आपली वेळ गुपचूप आरटीसीत लिहून ठेवतो. अ‍ॅडजटाइमचा आकडा सिस्टमडी बघतच नाही, फक्त तिसरी ओळ वाचते, यूटीसी की लोकल. खडखडाट यांच्याकडे जाळंही नाही आणि सिस्टमडीही नाही, म्हणून ही जुनी गाठ त्यांच्याच वाट्याला आली.

खडखडाट · शुक्रवार, सकाळी ८.०४

लंबक, सांगितलं ते सगळं काल केलं. फाइल उडवली, वेळ लावली, आरटीसीत लिहिली. आणि आज सकाळी बघतो तर पाच मिनिटं मागे!! आता काय उलटं औषध सुरू झालं का?

पाहुणी · शुक्रवार, सकाळी ८.०७

"५ मिनिट्स अगो"ची ओळ काढलीत का?

खडखडाट · शुक्रवार, सकाळी ८.०८

...

खडखडाट · शुक्रवार, सकाळी ८.१५

काढली. पहिल्याच दिवशी जुनं खोड यांनी सांगितलं होतं. काही बोलू नका.

रात्रपाळी · शुक्रवार, सकाळी ८.३१

😂😂

लंबक · शुक्रवार, सकाळी ९.००

आता सुरू आहातच तर --अपडेट-ड्रिफ्ट नीट वापरून बघा, ती काही वाईट नाही. बंद होताना चालणारी --सिसटूएचसी ओळ तूर्त थांबवा, नाहीतर रोज रात्री मोजणी नव्याने सुरू होईल. आज अचूक वेळ लावून आरटीसीत लिहा. दोन आठवडे त्याला हात लावू नका. मग परत अचूक वेळ लावा आणि तेव्हा --सिसटूएचसी --अपडेट-ड्रिफ्ट चालवा. चार तासांहून कमी अंतर असेल तर ती मोजतच नाही, पण चार तास म्हणजे फार थोडे. बोटाची पाव सेकंदाची चूक चौदा दिवसांत विरून जाते, चार तासांत तीच दिवसाला दीड सेकंद होते.

खडखडाट · दोन आठवड्यांनी, शुक्रवार, सकाळी ८.४०

हजर. चौदा दिवसांत आरटीसी पावणेएकोणीस सेकंद मागे पडलं. नव्या फाइलची पहिली ओळ १.३४ ने सुरू होते. बंद होतानाची ओळ परत चालू केली आहे.

लंबक · शुक्रवार, सकाळी १०.१०

१.३४ सेकंद म्हणजे साडेपंधरा पीपीएम. स्फटिकाला शोभेल असा आकडा. पण हा कायमचा धरून चालू नका. हे स्फटिक २५ अंशांच्या आसपास सगळ्यात जलद चालतात, आणि थंडी असो की उकाडा, दोन्हीकडे मागे पडतात. दहा अंशांचा फरक पडला तर दिवसाला आणखी पाव-एक सेकंद.

खडखडाट · शुक्रवार, सकाळी १०.१४

थांबा. माझा चौथा तापमापक त्या डब्याच्या आतच चिकटवलेला आहे. वर्षभराच्या नोंदी आहेत. आकडे काढून बघतो.